जॅम पातळ झाला, आता काय?



आजचा विषय छोटा आहे, पण ज्याच्यावर ही वेळ आली आहे त्याला तो अजिबात छोटा वाटत नाही. घरी हौसेनं जॅम केला, बाटल्या भरल्या, झाकणं लावली, आणि दुसऱ्या दिवशी बाटली तिरकी करून बघितली तर आतला जॅम सरबतासारखा या काठावरून त्या काठावर. चमच्यात घेतला की गळतो. पोळीवर लावला की कडेनं ओघळून मनगटापर्यंत येतो. आता याचं करायचं काय?

माझ्यावर ही वेळ आली तेव्हा बाटली एक नव्हती, चव्वेचाळीस होत्या. आणि त्यातल्या चाळीस मी विकल्या होत्या. म्हणजे पैसे घेऊन झाले होते, द्यायच्या बाकी होत्या.

आम्ही इंदूरला राहतो. आमच्याच कॉलनीतल्या एका काकूंच्या मुलीचं लग्न होतं. केळवणाला येणाऱ्या पाहुण्यांना परतीची भेट म्हणून पाव किलोच्या चाळीस बाटल्या स्ट्रॉबेरी जॅम त्यांनी माझ्याकडे सांगितला. माझी पहिलीच मोठी ऑर्डर. निम्मे पैसे आगाऊ. मी महाबळेश्वरची आठ किलो स्ट्रॉबेरी मागवली. दोन दिवसांचा प्रवास करून ती आली तेव्हा अगदी लालबुंद, मऊ, घमघमाट सुटलेली होती. मी म्हटलं, वा, काय पिकली आहे! हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आठ किलो फळ, सहा किलो साखर. दोन मोठ्या पातेल्यांत शिजवलं. कधी उतरवायचं, तर आईला मोरंबा करताना बघितलेलं, त्या सवयीनं चिमटीत थेंब घेऊन तार बघितली. तार आली असं वाटलं, गॅस बंद केला, बाटल्या भरल्या. चव्वेचाळीस भरल्या! चाळीस पाहिजे होत्या, चार जास्त निघाल्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. नवऱ्याला म्हटलं, बघा, बरकत आहे हाताला.

ती बरकत नव्हती, ते पाणी होतं. पण हे मला कळायला आणखी दोन दिवस गेले.

रात्री अकरा वाजता बाटल्या बघितल्या, तर सगळ्या पातळ. केळवण चार दिवसांवर. घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं. तीन बाटल्या लगेच पातेल्यात ओतल्या, गॅस मोठा केला आणि ढवळत बसले. दाट होईपर्यंत सोडायचं नाही असं ठरवून. चाळीस मिनिटांनी ते तपकिरी झालं, स्ट्रॉबेरीचा वास जाऊन जळक्या गुळाचा वास यायला लागला, आणि गार झाल्यावर काय झालं, तर चिक्कीच्या पाकासारखं चिकट, तार धरणारं काहीतरी. दाट होतं, पण तो जॅम नव्हता. चमचा घातला की चमच्याबरोबर सगळंच वर येत होतं.

त्या रात्री मी गॅस बंद केला आणि ठरवलं की आता उकळायचं नाही, आधी समजून घ्यायचं. आज तुम्हाला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. पातळ जॅम बहुतेक वेळा दुरुस्त होतो. पण तो का पातळ राहिला हे न बघता उकळलात, तर जो दुरुस्त झाला असता तोही हातचा जातो.

आता, जॅम घट्ट का होतो? आपल्याला वाटतं आटवल्यामुळे. बासुंदी आटवून दाट होते तसा. पण जॅम नुसता दाट होत नाही, तो लागतो. दही लागतं तसा. आटवलेलं दूध आणि लागलेलं दही यांत जो फरक आहे, तोच पाक आणि जॅम यांत आहे.

जॅम लागतो तो फळातल्या पेक्टिनमुळे. फळाच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा हा नैसर्गिक डिंक. फ्रान्समधल्या आंरी ब्राकोनो नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८२५ मध्ये तो वेगळा काढला, आणि गोठणं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं. या पेक्टिनचे लांब लांब धागे असतात. ते एकमेकांत गुंतले की जाळं तयार होतं, आणि त्या जाळ्यात फळाचा रस अडकून बसतो. जाळं झालं की जॅम झाला.

पण हे धागे आपण होऊन जवळ येत नाहीत. त्यांच्यावर सारखाच विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. आंबटपणा असला की तो भार कमी होतो आणि धागे जवळ येऊ शकतात. शिवाय धाग्यांना पाणी धरून बसलेलं असतं. ते पाणी साखर आपल्याकडे ओढून घेते. आणि एकूण पाणीच जास्त असेल तर साखर तरी किती ओढणार? ते आटवून कमी करावं लागतं.

म्हणजे हिशोब चार गोष्टींचा आहे. पेक्टिन, आंबटपणा, साखर आणि पाणी. पहिल्या तीन पुरेशा हव्यात, चौथी कमी हवी. जॅम पातळ राहिला याचा अर्थ या चारांपैकी कुठेतरी गणित चुकलं. कुठे, ते शोधायचं.

पण त्याच्याही आधी एक काम करा. काहीच करू नका. गरम जॅम पातळच असतो. गार झाल्यावरही जाळं पूर्ण विणायला एक दिवस, कधी दोन दिवस लागतात. काही जॅम तर आठवडाभरानं लागतात. दही विरजल्यावर आपण पातेलं हलवून बघतो का? नाही ना? मी मात्र सकाळी भरलेल्या बाटल्या दिवसभरात दहा वेळा तिरक्या करून बघितल्या होत्या. तेव्हा चोवीस तास, जमलं तर अठ्ठेचाळीस तास, हात लावू नका. नंतरही पातळ असेल तर मग कामाला लागा.

पहिली तपासणी वजनाची. यासाठी स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पुरतो. आपल्याकडच्या फळप्रक्रियेच्या पुस्तकांत एक जुना नियम आहे. तयार जॅमचं वजन घातलेल्या साखरेच्या साधारण दीडपट असावं. फळ आणि साखरेच्या प्रमाणानुसार ते थोडं वरखाली होतं. मी दीडपटीच्या किंचित वर थांबते. आता माझा हिशोब बघा. साखर सहा किलो. म्हणजे जॅम व्हायला हवा होता नऊ ते साडेनऊ किलो. पाव किलोच्या जास्तीत जास्त अडतीस बाटल्या. आणि मी भरल्या होत्या चव्वेचाळीस, म्हणजे अकरा किलो. वरच्या सहा बाटल्या म्हणजे दीड किलो न आटवलेलं पाणी, जे मी सगळ्या बाटल्यांत वाटून टाकलं होतं.

मग तार कशी आली? तर तार ही साखरेच्या पाकाची परीक्षा आहे, जॅमची नाही. जॅममध्ये फळाचा गर असतो, तो चिकट असतो, आणि तार आल्याचा भास लवकर होतो. मोरंब्याला जे चालतं ते इथे फसवतं.

दुसरी तपासणी फळाची. सगळ्या फळांत पेक्टिन सारखं नसतं. पेरू, आंबट सफरचंद, कवठ, कच्ची करवंदं, लिंबू-संत्र्याच्या सालीखालचा पांढरा भाग यांत भरपूर असतं. स्ट्रॉबेरी, अननस, पिकलेला आंबा यांत कमी. आणि फळ जितकं जास्त पिकतं तितकं त्यातलं पेक्टिन विरघळत, तुटत जातं. म्हणून तर पिकलेलं फळ मऊ लागतं. आठवतंय ना, काय पिकली आहे म्हणून मी खूश झाले होते? खायला ती उत्तम होती, जॅमसाठी नाही. अनुभवी माणसं जॅमच्या फळात थोडं अर्धकच्चं फळ मुद्दाम घालतात ते याच कारणानं.

तिसरी तपासणी आंबटपणाची. गार जॅम चाखून बघा. नुसता गोड लागला, जिभेच्या कडेला आंबट टोचलं नाही, तर लिंबू कमी आहे. अगदी पिकलेल्या गोड फळांत हे हमखास होतं.

चौथी साखरेची. हल्ली सगळ्यांना कमी साखरेचा जॅम हवा असतो. समजू शकते. पण साखर इथे फक्त गोडीसाठी नाही, जाळं विणण्यासाठी आहे आणि टिकवण्यासाठीही आहे. आपल्या अन्न सुरक्षा नियमांत जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के असावेत असं सांगितलं आहे, आणि त्यातला बहुतेक भाग साखरेचाच असतो. एक किलो फळाला तीन-चारशे ग्रॅमच साखर घातलीत तर साध्या पद्धतीनं तो लागणार नाही. कमी साखरेत लागणारं वेगळ्या प्रकारचं पेक्टिन मिळतं, त्याच्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे करावं, आणि तो जॅम फ्रिजमध्येच ठेवावा.

माझ्या बाबतीत पाणी नक्की जास्त होतं. पेक्टिन आणि लिंबाबद्दल शंका होती. मग सगळा माल पणाला लावण्याऐवजी एक बाटली बळी दिली. तुम्हीही असंच करा. एका बाटलीचे तीन भाग केले. पहिला नुसता आटवला. दुसऱ्यात लिंबू घालून आटवला. तिसऱ्यात लिंबू आणि पेरूचा अर्क दोन्ही घालून आटवला. तीन वाट्या झाकून रात्रभर ठेवल्या. सकाळी पहिली वाटी दाट पण चिकट, चमच्याला लोंबणारी. दुसरी बरी, पण थलथलीत. तिसरीत चमचा घातला तर खळगा पडला आणि खळगा तसाच राहिला. उत्तर मिळालं.

पेरूचा अर्क कसा करायचा ते सांगते. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत पेरूही असतोच. अर्धा किलो घट्ट, अर्धकच्चे पेरू घ्या. साल, बिया काही काढू नका. बारीक चिरा, बुडेपर्यंत पाणी घाला आणि मंद आचेवर अर्धा तास शिजवा. मग मलमलच्या फडक्यात घालून टांगून ठेवा, चक्क्यासाठी दही टांगतो तसं. पिळू नका, नाहीतर अर्क गढूळ होतो. जे आपोआप गळेल ते घ्यायचं.

त्यात पेक्टिन पुरेसं आहे का हे बघायची सोपी युक्ती आहे. चमचाभर गार अर्क वाटीत घ्या, त्यावर दोन चमचे स्पिरिट हळूच घाला, मिनिटभर थांबा. एकच घट्ट गोळा झाला तर पेक्टिन भरपूर. बारीक बारीक तुकडे झाले तर कमी, अर्क अजून आटवायला हवा. हे मिश्रण चाखायचं नाही, फेकून द्यायचं, आणि स्पिरिट गॅसपासून लांब ठेवायचं.

पेरू नसेल तर आंबट सफरचंदाचा अर्क असाच करता येतो. बाजारात पेक्टिनची पूडही मिळते. साधारण एक किलो जॅमला तीन ते पाच ग्रॅम पुरते. मात्र ती थेट जॅममध्ये टाकू नका, गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. पुडीच्या सात-आठपट कोरडी साखर घ्या, दोन्ही नीट मिसळा, आणि उकळत्या जॅमवर भुरभुरवत ढवळा.

आता दुरुस्तीची कृती. एका वेळी दीड-दोन किलोच जॅम घ्या, जास्त नाही. पातेलं रुंद तोंडाचं आणि जाड बुडाचं. त्याचं रिकामं वजन आधी कागदावर लिहून ठेवा. बाटल्या कोमट पाण्यात उभ्या ठेवल्या की जॅम सहज सुटतो.

मी आठ बाटल्या, म्हणजे दोन किलो घेतला. माझ्या प्रमाणानं त्यात साखर साधारण एक किलो नव्वद ग्रॅम होती. म्हणजे मला एक किलो सातशे ग्रॅमच्या आसपास थांबायचं होतं. त्यात दीडशे मिलिलिटर पेरूचा अर्क घातला, आणि मोठ्या आचेवर आणला. मंद आचेवर नाही. मंद आचेवर पाणी हळूहळू जातं आणि तेवढ्या वेळात पेक्टिन तुटत राहतं. रुंद पातेलं, मोठी आच, थोडा वेळ, हे सूत्र. शेवटी शेवटी लिंबाचा रस, किलोमागे दोन मोठे चमचे. लिंबू सुरुवातीलाच घालून फार वेळ उकळलं तर पेक्टिनचे धागे तुटतात. माझ्या पहिल्या तीन बाटल्यांचं हेच झालं होतं. स्ट्रॉबेरीच्या अंगच्याच आंबटपणात मी त्यांना चाळीस मिनिटं उकळलं होतं.

आठ-दहा मिनिटांनी पहिली परीक्षा. एक लहान बशी आधीच फ्रीझरमध्ये ठेवलेली असू द्या. गॅस बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण आपण बशी बघत बसतो आणि तिकडे जॅम पुढे शिजत राहतो. बशीवर अर्धा चमचा जॅम टाका, मिनिटभर परत फ्रीझरमध्ये ठेवा, मग बोटानं ढकला. वर सुरकुती पडली तर झालं. नाही पडली तर दोन मिनिटं उकळा, पुन्हा बघा.

थर्मामीटर असेल तर एक सांगते. पुस्तकांत १०५ अंश लिहिलेलं असतं. ते समुद्रसपाटीचं आहे. मुंबईत, चेन्नईत चालेल. पण उंचावर पाणीच कमी तापमानाला उकळतं. इंदूर-पुण्याला ९८ अंशांच्या आसपास, बेंगळुरूला ९७, शिमल्याला ९३ च्याही थोडं खाली. शिमल्यात बसून १०५ ची वाट बघाल तर जॅमची चिक्की होईल. म्हणून आधी थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालून आकडा बघा, त्यात साडेचार-पाच मिळवा. तो तुमच्या गावचा आकडा.

जॅम लागतोय असं दिसलं की फेस काढा, आणि धुऊन, उकळून, कोरड्या केलेल्या गरम बाटल्यांत गरम जॅम भरा. वर थोडीशी जागा सोडा, झाकण लावा, आणि मघाशी सांगितलं तसं एक दिवस हात लावू नका.

काही लोक सांगतील की कॉर्नफ्लोअर घाला, जिलेटीन घाला, चायना ग्रास घाला. दाट होईल, नाही असं नाही. घरच्या घरी, फ्रिजमध्ये ठेवून, चार-आठ दिवसांत संपवणार असाल तर तुमची मर्जी. पण आतलं जास्तीचं पाणी आतच राहतं. तो जॅम टिकेल या भरवशावर कुणाला देऊ नका.

आणि एक भेद लक्षात ठेवा. पातळ जॅम म्हणजे खराब जॅम नव्हे. पण बुडबुडे येत असतील, झाकण फुगलं असेल, दारूसारखा वास असेल किंवा बुरशी दिसत असेल, तर दुरुस्ती नाही. वरची बुरशी काढून खालचा खायचा, हेही नाही. टाकून द्यायचा.

दुसऱ्यांदा शिजवूनही लागला नाही, तर तिसऱ्यांदा शिजवू नका. रंग आणि वास दोन्ही जातात. त्याला सिरप म्हणा. दुधात घाला, श्रीखंडावर घाला, लस्सीत घाला, फ्रिजमध्ये ठेवा. सिरप म्हणून तो उत्तम असतो.

आता माझ्या चाळीस बाटल्यांचं काय झालं? चव्वेचाळीसपैकी तीन जळण्यात गेल्या, एक प्रयोगात. उरल्या चाळीस. हा आकडा बघून माझ्या मनात काय आलं ते तुमच्यापासून लपवत नाही. बरोबर चाळीस! अशाच देऊन टाकाव्यात का? लेबलं छान आहेत, रिबीन बांधलेली आहे, पाहुणे घरी जाऊन उघडणार. काकूंना कोण सांगायला येणार आहे?

पण मी त्यांना जॅम विकला होता. नीट आटवल्यावर पाच खेपांत साडेआठ किलो झाला. चौतीस बाटल्या. सहा कमी. केळवणाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. काकू, जॅम पातळ झाला होता, परत केला, चौतीसच आहेत, सहांचे पैसे परत घ्या. म्हटलं आता बोलणी बसणार. त्यांनी एक बाटली उघडली, चमचा घातला, खळगा पडला तो बघितला. म्हणाल्या, "अगं, पातळ झालेल्याच दिल्या असत्यास तर मला कळलं तरी असतं का?" मी म्हटलं, "आज नसतं कळलं, काकू. परवा कळलं असतं." त्या हसल्या. सहा घरांना त्यांनी लाडू दिले. पैसे मात्र परत घेतले, आणि ते बरोबरच होतं.

त्यानंतर मी दर वेळी तीन आकडे वहीत लिहिते. फळाचं वजन, साखरेचं वजन, आणि तयार जॅमचं वजन. बाटल्या जास्त भरल्या तर आता मी खूश होत नाही, पातेलं परत गॅसवर ठेवते.

तेव्हा मंडळी, तुमच्या फडताळात एखादी पातळ बाटली असेल, तर आज लगेच गॅस पेटवू नका. आधी चाखा, आठवा, साखर किती घातली होती ते बघा, वजन करा. मग एका बाटलीवर प्रयोग करा. बाकीच्या बाटल्या तोपर्यंत थांबतील.